गुलाबी दिसे गोड, त्याची संगत सोड

केतालेन गावात कुणाच्याही दारात जळाऊ लाकडांनी भरलेली बैलगाडी उभी राहिली, की घरातली बाई गाडीवाल्याला बस म्हणायची नाही, पाणी विचारायची नाही. आधी बेलार्मिनो ग्वेन्तेओला बोलावणं धाडायची. चिलीतल्या या चिलोए बेटावर पाऊस वर्षाचे दहा महिने पडतो आणि उरलेले दोन महिने पडेन म्हणून धमकावतो. तिथे जावई वाईट निघाला तर एक वेळ चालतं. लाकूड वाईट निघालं तर अख्खा हिवाळा भोगावा लागतो.

बेलार्मिनो सावकाश यायचा. वय चौऱ्याहत्तर, अंगात मेंढीच्या लोकरीचा जाड स्वेटर, डोक्याला टोपी. गाडीशी आला की टोपी काढायचा, पण ती गाडीवाल्यासाठी नव्हे, लाकडासाठी. मग ढिगाच्या पोटात हात घालून मधलंच एक लाकूड ओढायचा, कारण वरचा थर सगळेच चांगला रचतात. नखाने साल खरवडायची. दोन लाकडं एकमेकांवर ठोकून कान लावायचा. नाकाशी धरायचं. शेवटी कापलेल्या बाजूला जीभ लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं."

हा "हं" तीन जातींचा होता. आखूड "हं" म्हणजे लुमा किंवा तेपू, छान जळणारी कठीण झाडं, उतरवून घ्या. लांब "हंऽऽऽ" म्हणजे माल खरा पण ओला, पुढच्या वर्षी या. आणि नाकातल्या नाकात "हुं" आला, की गाडीवाल्याने मुकाट्याने बैल वळवावेत. अख्ख्या गावाला हे तिन्ही पाठ होते. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून कुणीतरी लांब "हंऽऽऽ" काढायचं, आणि चर्चभर खुसखुस पसरायची.

निकाल दिला की बेलार्मिनोचं व्याख्यान सुरू व्हायचं. ते त्याच्या बापाचं. बापाने ते चालीवर शिकवलं होतं:

"लाल आणि वाकडं, तेपूची लाकडं, तांबूस आणि जड, ते लुमाचं धड, गुलाबी दिसे गोड, त्याची संगत सोड."

शेवटची ओळ कानेलोवर होती. कानेलो हे पूजेचं झाड. आजीच्या आजीपासून त्याची फांदी देवकार्याला लागते, म्हणून कुणी त्याच्याविरुद्ध मोठ्याने बोलत नाही. पण चुलीत घातलं की त्याचा धूर मिरीची पूड उधळावी तसा डोळ्यांत जातो, आणि त्यावर भाजलेलं मांस तिखट होतं. "नीट बघा," बेलार्मिनो बोट नाचवत सांगायचा, "साल जाड, मऊ, फिकट राखाडी. आत कसा गुलाबी रंग! नवरीच्या गालासारखा! फसू नका त्याला!"

आता यातली गोम अशी, की बेलार्मिनोला लाल आणि गुलाबी हे रंग मुळी दिसतच नव्हते.

हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, त्याची बायको एदुविना. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी तिने लग्नासाठी लाल शाल मागितली होती. बेलार्मिनोने कास्त्रोच्या बाजारात अर्धा दिवस निवड करून एक शाल आणली. हिरवीगार. नवरीने लग्नात ती निमूट पांघरली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बेलार्मिनो, ही शाल कशी रे दिसते?"

"लाल. रक्तासारखी."

"आणि दारापुढचं गवत?"

त्याने दारात जाऊन प्रामाणिकपणे गवत पाहिलं. "तेही तसंच दिसतंय. आज जरा जास्तच."

एदुविनाने पुढे काही विचारलं नाही. ती मनातलं सगळं चुलीशी बोलणारी बाई होती. लोखंडी चुलीचं दार उघडून ती म्हणाली, "चुले, ऐकलंस ना? आपल्या दोघींतच ठेव." आणि चुलीने ठेवलं.

म्हणजे बेलार्मिनोची पारख खरी होती, पण ती सगळी कानात, नाकात आणि जिभेत होती. रंग तो फक्त सांगायचा. एदुविनाने एकदा विचारलं, "दिसत नाही ते सांगतोस कशाला, म्हाताऱ्या?" तर तो म्हणाला, "जीभ लावून सांगितलं की लोकांना वाटतं याला भूक लागलीय. रंग सांगितला की वाटतं विद्या आहे."

त्या विद्येचा सगळ्यात जास्त ताप आउदिलियो बारियाला होता. हा गावातला लाकूडवाला. गोल पोट, गोल चेहरा, आणि दर वाक्याला शपथ. "सांत आंतोनियोची शपथ काका, सगळी लुमा! एकूण एक लुमा! माझ्या हाताने तोडलीय, आंधळा होईन खोटं बोललो तर!" प्रत्येक गाडीत चौथा हिस्सा कानेलो असायचाच. ते मऊ, पटकन तुटतं, जवळच उगवतं. लुमावर कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडच मागे उडते. याच लाकडाचे पोलिसांचे दंडुके होतात. आउदिलियो स्वभावाने कष्टाळू नव्हता. अकरा वेळा त्याची गाडी त्या नाकातल्या "हुं"ने वळवली होती, आणि अकराही वेळा तो जाता जाता म्हणाला होता, "काकांची जीभ म्हातारी झालीय, सांत आंतोनियोची शपथ."

अशात एक दिवस विधवा क्लोरिंदा बातमी घेऊन आली. क्लोरिंदा आली की तिच्याआधी तिचा आवाज यायचा.

"एदुविनाबाई! काका आहेत का? पेटलं आता गाव! शहरातल्या कचेरीतून कागद आलाय. प्रत्येक गावाला एक शिक्का. तो मारल्याशिवाय लाकूड विकायचं नाही. आणि शिक्का कुणाकडे? जो परीक्षा पास होईल त्याच्याकडे. एका गावात एकच!"

"मग काय झालं? ह्यांच्याशिवाय आहे कोण?" एदुविना म्हणाली.

"आहे ना. आउदिलियोने नाव घातलंय. सकाळपासून गोठ्यात 'लाल आणि वाकडं, लाल आणि वाकडं' चाललंय, गाईने दूध चोरलं म्हणे. आता बघा हं. लाकूड त्याचं, शिक्का त्याचा, आणि डोळे कुणाचे चुरचुरणार? आमचे!"

बेलार्मिनोने नाकातून "हुं" काढला आणि त्याच दिवशी परीक्षेला नाव दिलं.

क्लोरिंदा गेल्यावर एदुविनाने चुलीचं दार उघडलं. "चुले, रंग विचारले तर म्हातारा काय करील गं?"

"लाकूड हातात देतील ना?" बेलार्मिनो खिडकीशी बसून म्हणाला. "हातात आलं की झालं. रंग गेला खड्ड्यात."

त्याने तयारी मात्र कसून केली. दोन दिवस कांदा बंद, लसूण बंद, सफरचंदाची दारू बंद. माते नावाच्या पानांचा, नळीने ओढायचा कडू काढासुद्धा बंद, आणि तो नसला की बेलार्मिनोशी कुणी बोलू नये असं असतं. नुसते उकडलेले बटाटे, तेही अळणी. दर जेवणानंतर कोमट पाण्याने जीभ धुवायची. शर्यतीआधी बैल राखावा तशी त्याने जीभ राखली.

परीक्षा शाळेच्या खोलीत होती. अख्खं गाव भिंतीला लागून उभं. एदुविना मागे, हातात मिल्काव म्हणतात त्या किसलेल्या बटाट्याच्या वड्यांची टोपली, अंगावर ती शाल. बोटीतून पालोमा मॅडम आल्या होत्या. राजधानीतल्या, तरुण, अंगावर पाऊस न शिरणारं महागडं जाकीट, आणि तोंडात एकच शब्द. बोट उशिरा लागली, अतिशय छान! बूट चिखलात रुतला, अतिशय छान! खोलीत धूर आहे, अतिशय छान!

"काका, बसा. घाबरू नका हं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला.

बेलार्मिनो पिशवीकडे बघत राहिला. लाकूड अजून निघत नव्हतं.

"ही चित्रं आहेत. वीस. साल, रेषा आणि रंग बघून नाव सांगायचं. खरं लाकूड आणलं असतं, पण बोटीत कचरा होतो ना." त्यांनी पहिलं चित्र पुढे केलं. तळहाताएवढं, चकचकीत.

बेलार्मिनोने टोपी काढली. चित्र हातात घेतलं. नखाने खरवडलं. दुसरं मागून घेतलं आणि पहिल्यावर ठोकून कान लावला. नाकाशी धरलं. मग, अख्ख्या गावादेखत, डोळे मिटून त्याला जीभ लावली.



"हुं," बेलार्मिनो म्हणाला. "प्लास्टिक आहे. जाळू नका, घरभर वास सुटेल."

गाव खदखदून हसलं. गावाला वाटलं, काका मॅडमची फिरकी घेताहेत. क्लोरिंदा तर मांडीवर थाप मारून ओरडली, "कसं सांगितलं! आउदिलियो, तू चाटून बघतोस का?" पण एदुविना हसली नाही. तिला बेलार्मिनोच्या टोपीवरची बोटं दिसत होती. ती बोटं टोपी पिळत होती.

"अतिशय छान!" मॅडम हसून म्हणाल्या. "आता खरं सांगा. बरं, सोपं करते. या दोन चित्रांतलं लालसर कोणतं?"

बेलार्मिनोने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. दोन्ही चित्रं जुन्या सतरंजीच्या रंगाची होती. भिंतीही तशाच होत्या. अंदाज ठोकला असता तर निम्मी आशा होती. एदुविना मागून खोकली. एकदा. म्हणजे डावं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात एकदाच खोकणं म्हणजे डावं, हे त्याला बरोबर कळलं. पण पुढे अठरा चित्रं होती, आणि बायकोला क्षय झाल्यासारखं खोकायला लावून शिक्का घ्यायचा, तर मग आउदिलियोने काय वाईट केलं?

"मॅडम," तो म्हणाला, "मला लाल दिसत नाही."

"म्हणजे या चित्रात?"

"म्हणजे कुठेच. कधीच दिसलं नाही. बापाने ओळी पाठ करून घेतल्या, त्या म्हणतो."

"अतिशय छान," मॅडमच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि मग त्याच लाल झाल्या. तेही बेलार्मिनोला दिसलं नाही.

त्यानंतर आउदिलियो बसला. चित्र समोर आलं की तो पुटपुटायचा, "लाल आणि वाकडं... तेपू! तांबूस आणि जड... चित्राचं वजन कळत नाही मॅडम, पण लुमाच, सांत आंतोनियोची शपथ! गुलाबी दिसे गोड... कानेलो!" वीसपैकी वीस. बेलार्मिनोच्या बापाच्या ओळींनी बेलार्मिनोच्या शत्रूला पहिल्या नंबराने पास केलं. मॅडमनी त्याच्या गळ्यात लाल फीत आणि हातात शिक्का दिला. शाईची डबी हिरवी. कचेरीत तीच शिल्लक होती.

बाहेर पडताना गाव बेलार्मिनोशी फार चांगलं वागलं. हेच त्याला सगळ्यात बोचलं. क्लोरिंदासुद्धा हळू बोलली.

पाहुणा उपाशी पाठवायचा नाही, हा केतालेनचा नियम. चर्चच्या मागे अख्खं कोकरू सळईला लावून ठेवलं होतं, फक्त जाळ व्हायचा होता. आजवर अशा जाळाचं लाकूड बेलार्मिनो निवडायचा. आज आउदिलियोने आपली गाडी आणली आणि ऐटीत रिकामी केली. "सगळी लुमा! शिक्क्याची लुमा!"

बेलार्मिनो बाकावर बसला होता, पाठ ढिगाकडे. लाकडं खाली पडली तशी त्याची मान ताठ झाली. लुमा पडली तर दगडासारखी वाजते. यातली निम्मी भोपळ्यासारखी वाजली.

"सांग ना त्याला," एदुविना म्हणाली. इथे चूल नव्हती, म्हणून ती किटलीशी बोलली. "किटले, सांग गं म्हाताऱ्याला, तोंड उघड म्हणावं."

बेलार्मिनो उठला. ढिगाशी गेला. "आउदिलियो, त्यातलं एक लाकूड दे बघू मला."

"कशाला काका? चाटायला?" आउदिलियोने छातीवरची फीत सारखी केली. "आता परीक्षा झाली. रंग दिसत नाही त्याने ढिगापासून जरा लांबच बसावं. ठेच लागेल, सांत आंतोनियोची शपथ."

लोक हसले. फार नाही, पाचसात जण, आणि तेही चटकन गप्प झाले. पण हसले.

बेलार्मिनो परत येऊन बाकावर बसला. "हं," म्हणाला. तो कुठल्या जातीचा होता, हे अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला कळलं नाही. मग त्याने बाक उचलून वाऱ्याच्या वरच्या बाजूला नेला, एदुविनाला शेजारी बसवलं, आणि दोन दिवसांनंतर पहिल्यांदा आपला कडू काढा नळीने ओढला.

जाळ पेटला. पाच मिनिटं काही झालं नाही. मग ठिणग्या तडतडल्या, आणि पांढरा धूर जमिनीलगत सरपटत गावकऱ्यांत शिरला. पहिल्यांदा पाद्रीबाबांनी रुमाल काढला. मग क्लोरिंदाने बाहीने डोळे पुसले. मग सगळेच. म्हातारे हुंदके द्यायला लागले, बायका नाकं शिंकरायला लागल्या, आउदिलियोच्या गोल गालांवरून तर धारा लागल्या. पाहुण्यांसमोर धुराला नावं ठेवायची नाहीत, म्हणून कुणी बोलेना. सगळे रडत रडत हसत होते.

पालोमा मॅडमचं मन भरून आलं. "अहो, असं काय करता! मी परत येईन ना!" म्हणून त्याही रडू लागल्या. कोकरू शिजलं. पहिला घास गावाने घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. मांस मिरीत लोळवल्यासारखं लागत होतं.

"अतिशय छान!" मॅडम म्हणाल्या. "मसाला कुणाचा?"

क्लोरिंदा आउदिलियोकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यांचा. शिक्क्याचा."

मॅडमनी कृती लिहून घेतली. संध्याकाळच्या बोटीने त्या निघाल्या तेव्हा धक्क्यावर गाव सुजलेल्या डोळ्यांनी हात हलवत होतं. पुढे त्यांनी कचेरीला लिहिलं म्हणे, की नव्या योजनेचं इतकं भावपूर्ण स्वागत दुसऱ्या कुठल्याही गावात झालं नाही.

बोट वळणाआड गेली आणि गाव आउदिलियोकडे वळलं.

"चित्रातलं कानेलो तुला बरं ओळखता आलं?" क्लोरिंदा म्हणाली.

"ते गुलाबी होतं! हे वर्षभर पावसात पडून करडं झालं, त्याला मी काय करू? लुमाही करडी, तेपूही करडं! इतकी वर्षं मिसळतोय... म्हणजे, आपोआप मिसळतंय... सांत आंतोनियोची..."

"शपथ घेऊ नकोस. संताचेही डोळे चुरचुरत असतील."

पण कायदा तो कायदा. दुसऱ्या आठवड्यात आउदिलियोची गाडी क्लोरिंदाच्या दारात उभी राहिली. प्रत्येक लाकडाच्या कापलेल्या तोंडावर गोल, हिरवा, सरकारी शिक्का. क्लोरिंदाने गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ बेलार्मिनोच्या कुंपणाशी जाऊन ओरडली, "काका! चला, लाकूड आलंय!"

"शिक्का आहे ना?" आतून आवाज आला.

"आहे की."

"मग झालं. मला रंग दिसत नाही, गावाला ठाऊक आहे."

"रंग काय मी चुलीत घालणार आहे? जीभ घेऊन या!"

आत चुलीचं दार करकरलं आणि एदुविनाचा आवाज आला, "चुले, म्हाताऱ्याला टोपी दे गं, खुंटीवर आहे. आणि सांग, फार भाव खाऊ नकोस म्हणावं."

बेलार्मिनो गाडीशी आला. टोपी काढली. ढिगाच्या पोटातून एक लाकूड ओढलं, खरवडलं, ठोकलं, हुंगलं, आणि जीभ लावली. त्याचं तोंड एकदम वेडंवाकडं झालं. तो थुंकला. पुन्हा लावली, पुन्हा थुंकला. क्लोरिंदा त्याच्या तोंडाकडे बघून किंचाळली, "काका! जीभ बघा! एदुविनाच्या शालीसारखी झाली!"

"लाल?" बेलार्मिनोने विचारलं.

"लाल कसली, हिरवीगार!"

"बघा काका, सांत आंतोनियोची शपथ, जीभच गेली तुमची," आउदिलियो उत्साहाने म्हणाला. "आता कसली चव नि कसली पारख!"

बेलार्मिनोने बाहीने जीभ पुसली. लाकूड उलटं करून सालीची बाजू वर केली आणि आउदिलियोच्या हातात दिलं.

"शिक्का इथे मारायचा. सालीवर."

"नियम कापलेल्या बाजूचा आहे, काका. कागदात लिहिलंय."

"मग कागद लिहिणाऱ्याला चाटायला बोलाव."

आउदिलियोने क्लोरिंदाकडे पाहिलं. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यामागे आणखी तीन दारं उघडली होती, आणि तिन्हींतल्या बायकांचे डोळे अजून जरा सुजलेलेच होते. त्याने खिशातून शाईची डबी काढली, शपथ न घेता उघडली, आणि गाडीतली लाकडं एकेक करून सालीकडून वळवायला लागला. प्रत्येक लाकूड, शाई न लागलेलं टोक पुढे करून, आधी बेलार्मिनोकडे जात होतं. शिक्का त्याच्यानंतर.

चौथ्या लाकडाला बेलार्मिनो थांबला, डोळे मिटले, आणि नाकातल्या नाकात म्हणाला, "हुं."

आउदिलियोने ते लाकूड मुकाट्याने बाजूला ठेवलं.